शेवट न सांगणारी आत्या

आमच्या आत्याच्या पोटात काहीही राहत नसे. गल्लीत कुणाचं लग्न ठरतंय हे त्या मुलीच्या आधी भाजीवाल्याला कळायचं, कारण वाटेत त्याला आत्या भेटलेली असायची. माझ्या वाढदिवसाला आईनं आणलेला शर्ट ती आदल्या दिवशीच "निळा हाय, पण तुला सांगू नको म्हणलीय तुझी आई" असं म्हणून मोकळी व्हायची. अशा बाईनं एका भुताच्या सिनेमाचा शेवट स्वतःच्या नवऱ्यापासून लपवला, आणि तोही महिनोन्‌महिने, हे आजही आमच्या गल्लीत कुणाला खरं वाटत नाही. मला वाटतं, कारण तेव्हा मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होतो आणि दोघांच्या मध्ये सापडलो होतो. हल्ली आत्या मुलीकडे गुलबर्ग्याला असते. फोन केला की अजूनही मला "बश्या" म्हणते आणि अजूनही माझं डोकं उठवते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सगळी नोकरी बालवाडीत गेली, त्यामुळे समोरचा माणूस पिकल्या केसांचा असला तरी ती त्याच्याशी "हाताची घडी, तोंडावर बोट" याच सुरात बोलायची. मामा, म्हणजे तिचे यजमान, मूळचे मैंदर्गीचे. बाजारात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. वय झाल्यावर ते त्यांनी पुतण्याच्या हवाली केलं. घरात दोघं एकमेकांशी कानडीत बोलायची, आणि भांडण गल्लीला कळावं असं वाटलं की मराठीत यायची.

आत्याला सिनेमाचा नाद होता, पण बघण्याहून जास्त सांगण्याचा. नवा सिनेमा बघून आली की दुसऱ्या दिवशी दुपारी घराच्या कट्ट्यावर बसायची. बायका शेंगा फोडायला घेऊन जमायच्या आणि आत्या पार्श्वसंगीतासकट सिनेमा सांगायची. दार करकरायचं, कुत्रं रडायचं, वारा सुटायचा, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यातून. बालवाडीतल्या पोरांनी भोकाड पसरू नये म्हणून तिला आधी शेवट सांगायची सवय लागली होती, ती कट्ट्यावरही तशीच राहिली. "आदीच सांगते, शेवटी पोरगी वाचती," ती बजावायची, "आता घाबरून ऐका." मी कितीतरी चांगले सिनेमे बघायचे सोडून दिले ते या एका वाक्यामुळे.

बाकीचे सिनेमे तोंडी लावण्यापुरते. दोघांचा खरा जीव भुताच्या सिनेमात. मी एकदा तिला म्हणालो, "आत्या, तू रोज लिंगपूजा करणारी बाई. तुझा भुतावर विश्वास बसतो कसा?" तिनं माझ्याकडे बालवाडीत नाव घातलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. "इश्वास कुटं ठेवायलोय आमी? आपल्यात माणूस गेलं की शिवात मिळतंय. भूत व्हायला रिकामं हाय का ते?" मामांचं म्हणणं निराळं होतं. "दुकानात समदं आदीच ठाऊक असतंय रे. पाऊस पडला की गिऱ्हाईक, न्हाय पडला की माश्या. हितं थेटरात तेवढं ठाऊक नसतंय, पुढं काय ते." घाबरल्यावर शेजाऱ्याचा गुडघा गच्च धरायची मामांना सवय होती. मला मुद्दाम मध्ये बसवलेलं असायचं, त्यामुळे तो गुडघा माझा असायचा.

मग मामांना छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासून पथ्य सांगितलं: तेलकट नको, जड उचलणं नको, मनाला धक्का बसेल असं काही नको. मामांनी अगदी गरीब चेहऱ्यानं विचारलं, "भुताचा पिच्चर?" डॉक्टरांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मी खूण करून सांगितलं की थट्टा नाही, तेव्हा ते चष्मा काढून म्हणाले, "अजिबात नाही."

आणि नेमका त्याच हंगामात तो सिनेमा आला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, लिहिलं तर कुणीतरी मला शेवट विचारेल. गोष्ट अशी की, एका गावातली बंद पडलेली पिठाची गिरणी दर अमावास्येला आपोआप सुरू होते आणि सकाळी तिच्या तोंडाशी ताजं, गरम पीठ पडलेलं असतं. कोण दळतं आणि कुणासाठी, एवढंच गुपित. पण सोलापूर त्या गिरणीपायी वेडं झालं. रिक्षावाला सात रस्त्याच्या सिग्नलला मागं वळून विचारायचा, "बघितलाव का?" आमच्या ऑफिसात फायली बाजूला ठेवून चर्चा चालायची. मोहोळहून, अक्कलकोटहून लोक जीप भरून यायचे. संध्याकाळनंतर दळण टाकायला बायका कुरकुर करायला लागल्या, तेव्हा आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्यानं वैतागून पाटीच लावली: 'ही गिरणी मालक स्वतः चालवतात.'

मामांचा जीव थाऱ्यावर राहीना. मी म्हणालो, थोड्या दिवसांनी मोबाइलवर येईल, आवाज बारीक करून बघा. ते म्हणाले, "मोबाइलवर भूत केवढं दिसणार? सुपारीएवढं." शेवटी त्यांनीच तोड काढली. आत्यानं जाऊन बघून यायचं आणि घरी येऊन सांगायचं. सांगण्याला डॉक्टरांची बंदी नव्हती. आत्याला सोबत म्हणून मला धाडलं, म्हणजे स्कूटर चालवायला.

आत्यानं शालीखालून कडक भाकरी आत नेली. थिएटरात बाहेरचं खाणं चालत नाही, असं मी तीनतीनदा सांगितलं होतं. "बाहेरचं कुटं हाय? घरचं हाय की," ती म्हणाली. अंधार झाला. सिनेमा सुरू व्हायच्या आधी नायकाचं काम केलेला तरणा पोरगा पडद्यावर आला. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "तुम्ही आमचे मायबाप. गिरणीचं गुपित कुणालाही सांगू नका, एवढीच विनंती." पोरांनी शिट्ट्या मारल्या. आत्याचा उजवा हात मात्र गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर गेला. डोळे मिटून ती मोठ्यानं म्हणाली, "व्हय बाळा. शिवाची आण, न्हाय सांगत." मागच्या दोन रांगा खदखदून हसल्या. मी खुर्चीखाली मावतो का ते बघत होतो.

मध्यंतरानंतर नायिका एकटी गिरणीच्या तळघरात उतरते. सगळं थिएटर गप्प, श्वाससुद्धा ऐकू येईल असं. त्याच क्षणी आत्यानं कडक भाकरीचा तुकडा दातांखाली घेतला. तो कडाड आवाज झाल्यावर पुढच्या रांगेतला एक आडदांड गृहस्थ "आई गं!" म्हणून उभा राहिला आणि त्याच्या हातातलं मक्याच्या लाह्यांचं खोकं पाच-सहा जणांच्या अंगावर सांडलं. आत्याला पत्ता नव्हता. तिचे डोळे पडद्याला चिकटले होते. सिनेमा संपला तशी ती गुपचूप उठली आणि परतताना स्कूटरवर एक अक्षर बोलली नाही. तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

घरी मामा पाठीला उशी लावून तयार होते. चहासुद्धा त्यांनी स्वतः करून ठेवला होता. आत्यानं सिनेमा असा सांगितला, असा सांगितला, की मी नुकताच बघून आलेला माणूस, माझ्याही अंगावर काटा आला. गिरणीचा पट्टा फिरला, जातं घरघरलं, तळघराचं दार हललं, नायिकेनं कंदील वर केला, आणि आत्यानं चहाचा कप तोंडाला लावला.

"पुढं?" मामा म्हणाले.

"पुढं न्हाय."

"पुढं न्हाय म्हंजे?"

"म्हंजे हाय, पण सांगायचं न्हाय. शब्द दिलाय मी."

"कुणाला?"

"त्या पोराला. हात जोडून मागितलंय त्यानं. डोळ्यात पाणी हुतं लेकराच्या."

मामा आधी हसले. मग कानडीत समजावून बघितलं. मग मराठीत आले, आणि गल्लीला कळलं. "तुझा पाव्हणा हाय का त्यो? घरात नवरा मराया टेकलाय आणि ही परक्या पोराचं ऐकतीया!" आत्या कपबशी घेऊन आत गेली.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. मी तिला परोपरीनं सांगितलं. म्हटलं, आत्या, ते चित्रण केलेलं आहे. तो पोरगा प्रत्येक खेळाला तसेच हात जोडतो, सगळ्या महाराष्ट्रासमोर जोडतो, तुला ओळखतसुद्धा नाही. ती शांतपणे म्हणाली, "सगळ्यास्नी मागितलं म्हणून काय झालं? त्या सगळ्यात मी हाय की." मी म्हटलं, ठीक आहे, तू नको सांगू, मी सांगतो मामांना. तर तिनं मला देवघरासमोर उभं करून माझाही हात लिंगावर ठेवायला लावला. मी पतसंस्थेत वसुली अधिकारी आहे. भले भले लोक माझ्यासमोर चळाचळा कापतात. आणि एका सिनेमाच्या गिरणीबद्दल मी गप्प राहायची शपथ वाहून जिना उतरलो.

मामांनी मनात आणलं असतं तर शेवट कुणीही सांगितला असता. दूधवाला सांगायला तयार होता. पण मामा त्याहून हट्टी. कटिंगच्या दुकानात एकानं "तळघरात काय असतंय म्हायतंय का..." अशी सुरुवात केली, तर मामा अर्धी दाढी तशीच ठेवून, कानांत बोटं घालून, फडकं गळ्यात घेऊन घरी आले. मी वैतागून म्हटलं, "ऐकून टाकायचं होतं ना!" ते म्हणाले, "त्याला पिच्चर सांगता येतोय का? शेवट नासवला असता त्यानं. ऐकीन तर हिच्याकडनंच." म्हणजे एक सांगायला तयार नाही, दुसरा इतर कुणाचं ऐकायला तयार नाही, आणि निरोप्या मी.

आत्याचाही कोंडमारा होत होता, हे कबूल केलं पाहिजे. न बोलण्याची सवय नाही. मग तिनं उपाय काढला: ज्यांनी सिनेमा बघितलाय त्यांच्याशी बोलायला हरकत नाही, तर सगळ्यांना तो दाखवून आणायचा. गल्लीतल्या बायकांना ती टोळीटोळीनं थिएटरात घेऊन जायला लागली, आणि दर टोळीबरोबर मी. गिरणी सुरू झाली की मला झोप यायची. आत्या मात्र आता पडद्याकडे पाठ करून बायकांचे चेहरे बघत बसायची, आणि कुणी किंचाळली की समाधानानं माझ्या दंडाला चिमटा काढायची. परत आल्यावर कट्ट्यावर तळघराची चर्चा रंगायची. तेवढ्यात मामा वरच्या गॅलरीत आले की सगळा कट्टा चिडीचूप, आणि सगळ्या बायका खाली मान घालून शेंगा फोडायला लागायच्या. मामा वरून ओरडायचे, "बोला की! मी काय भूत हाय का?"

मग एके सकाळी मामांना खरोखरच दवाखान्यात न्यावं लागलं. रक्तवाहिनीत अडथळा होता, लगेच ऑपरेशनसाठी आत घ्यायचं ठरलं. स्ट्रेचर दाराशी आलं. मामांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी आत्याचा हात धरला आणि कानडीत एवढंच म्हणाले, "ईग हेळ." सांग गं आता. डॉक्टर थांबले, नर्स थांबली, मी भिंतीला टेकलो. मला वाटलं, आता तरी ही बाई बोलेल. आत्यानं त्यांच्या कपाळावरची विभूती नीट केली आणि म्हणाली, "उठून घरी या. मग सांगते." मामा स्ट्रेचरवर हसले. दार बंद झालं. मला तिचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मामा घरी आले. आत्या म्हणाली, आधी अंगणात फिरा. फिरले. मग म्हणाली, कोपऱ्यापर्यंत जा. गेले. मग सिद्धेश्वराच्या देवळाचं निघालं, मग सात रस्त्याचं. दर टप्प्याला मामा विचारायचे, "आता?" आणि ही पुढचा टप्पा सांगायची. एक दिवस माझा बांध फुटला. मी सरळ विचारलं, "आत्या, उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर? काय मिळणार तुला ते गुपित राखून? एक वाक्य आहे, सांगून टाक ना!"

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "शेवट ऐकायचाय म्हणून गोळ्या खात्यात हे. न्हाय तर ह्यास्नी गोळी खाऊ घालणं काय असतंय, तुला म्हाईत न्हाय. सांगितलं की झोपून राहतील भिंतीकडं तोंड करून."

"आणि ती शपथ?"

"शपथ हाय की. तीबी हाय."

मामांकडे जाऊन बसलो, तर ते वेगळ्याच नादात. रोज एक नवा शेवट रचायचे आणि जेवताना आत्याला ऐकवायचे. "गिरणीवाल्याची पयली बायकू दळतीया. बरोबर?" आत्या ताटात बघत राहायची. "मग पोस्टमन." ती ताक वाढायची. तिच्या तोंडावर काही हलतंय का हे मामा वाघासारखे टिपत बसायचे. मला हळूच म्हणाले, "बश्या, तिला बोलू नको, पर आता मला काय लई घाई न्हाय." मी दोघांनाही मनातल्या मनात हात जोडले आणि ठरवलं, यापुढे या भानगडीत पडायचं नाही.

सिनेमा थिएटरातून कधीच उतरला होता. लोक दुसऱ्या भुतांच्या नादी लागले होते. मामा एका दुपारी सात रस्त्यापर्यंत फिरून आले, जेवले, आडवे झाले, आणि उठलेच नाहीत.

आमच्यात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना आंघोळ घातली, कपाळाला आणि दंडांना विभूती लावली, धोतर नेसवलं, गळ्यात हार घालून ओसरीत भिंतीला टेकवून बसवलं. एका बाजूनं मी खांद्याला आधार देऊन बसलो होतो. अंगणात भजन चाललं होतं. मैंदर्गीची माणसं येऊन पोचली होती. बाहेर फुलांनी सजवलेलं विमान, म्हणजे बसवून न्यायची पालखी, तयार होतं आणि विधी करायला आलेले स्वामी घड्याळाकडे बघत होते. मुलगी रडून रडून थकली होती. आत्या रडत नव्हती. ती आतून आली, मामांच्या दुसऱ्या बाजूला पदर खोचून बसली, भजनवाल्यांना हातानं थांबवलं आणि मामांच्या कानाशी वाकली.

लोकांना वाटलं मंत्र म्हणतेय. स्वामींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मी अगदी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं. ती कानडीत, खालच्या आवाजात सांगत होती, नायिकेनं कंदील वर केला तिथून पुढं. घाई नव्हती. तळघराचं दार उघडलं, जातं थांबलं, पिठात उमटलेली पावलं दिसली, आणि पुढे सगळं, एकही जागा न गाळता. ऊन ओसरीत चढत होतं. अंगणात शंभर माणसं ताटकळली होती. आणि मला पुन्हा तोच राग आला. माणूस धडधाकट समोर बसून रोज विचारत होता, तेव्हा हिच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि आता सांगतेय! मी मामांच्या खांद्याला घट्ट धरलं. माझे डोळे वाहत होते, आणि मी चिडलो होतो, दोन्ही एकदम.

गोष्ट संपली. आत्या थांबली. गोष्ट सांगणारा शेवटी थांबतो, कारण ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. ती तशीच कानाशी वाकून राहिली. मला ते बघवेना. मी हळूच म्हणालो, "हं."

आत्यानं मान वर केली आणि मामांच्या खांद्यावरून माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

"तू कशाला हं म्हणायलास?" ती म्हणाली. "तू बघितलायस की."